चार शनिवारांचा कोर्स

५ जुलै, शनिवार
शिवकन्येनं मला न विचारता धाराशिवच्या समुपदेशकाची वेळ घेतली. म्हणाली, विरेश भाऊजी गेल्यापासून तुम्ही घरात धड बोलत न्हाय, रडलाबी न्हाय. धाकटा भाऊ मार्चमध्ये गेला हे खरं. पण तेव्हापासून माझी एकही जादा रजा नाही, गणिताचा निकाल शंभर टक्के. मी ठीक आहे. तरी बायकोच्या समाधानासाठी जाणार. चार शनिवारांत कोर्स संपवायचा, हे नक्की.

१२ जुलै, परतीच्या एसटीत
समुपदेशक म्हणजे निकिता मॅडम. माझ्या विद्यार्थिनी शोभतील. मला वाटलेलं आडवं झोपवतील. तसं काही नाही, नुसत्या दोन खुर्च्या. विचारलं, आत काय वाटतं? म्हटलं, नॉर्मल. नॉर्मल म्हणजे कसं? म्हटलं, नॉर्मलसारखं. त्यांनी लिहून घेतलं. पहिल्याच दिवशी बरीच प्रगती.

१९ जुलै
आज तयारीनं गेलो. विरेशबद्दल सांगा म्हणाल्या. मुद्देसूद सांगितलं. जन्म ८४, रक्तगट ओ पॉझिटिव्ह, आयटीआय वायरमन, येडशीजवळ मोटरसायकलचा अपघात. मातीला साडेतीनशे माणूस. मंडप, खुर्च्या, पाण्याचे जार, सगळं मी बघितलं. काही कमी पडलं नाही. मॅडमनी विचारलं, माती देताना तुम्ही कुठं होतात? म्हटलं, जारजवळ.
त्यांनी पेन खाली ठेवलं. प्रश्न संपले असावेत. मग टिश्यूचा डबा माझ्याकडं सरकवला. त्यांनाच लागेल म्हणून मी परत सरकवला.

२३ जुलै
मॅडमनी होमवर्क दिलाय: घरात रोज मनातलं एक वाक्य बोलायचं. सोमवारी बोललो, पंखा आवाज करतोय. काल बोललो, भाजीत मीठ बरोबर आहे. शिवकन्या उठून आत गेली. आज काही सुचलं नाही. उद्या दोन बोलून भरून काढीन.

२६ जुलै
विरेशशी शेवटचं बोलणं कधी झालं, असं विचारलं. आठवत नाही म्हटलं. तसाही तो विषय सोडून प्रश्न होता. मग शाळेच्या नव्या हजेरी ॲपवर पस्तीस मिनिटं बोललो. न थांबता. बोलत नाही म्हणणाऱ्यांनी ऐकायला हवं होतं.

२ ऑगस्ट
चौथा शनिवार. बरा झाल्याचं मी स्वतःच जाहीर केलं. आभार मानले. मॅडम म्हणाल्या, सर, तुम्हाला वाटेल तेव्हा या. अशी वेळ येणार नाही म्हटलं. घरी सांगितलं, कोर्स पूर्ण. शिवकन्येनं नुसतं माझ्याकडं बघितलं. आनंद झाला असावा.

७ ऑगस्ट
काही विशेष नाही.

९ ऑगस्ट
शाळेला सुट्टी होती, कशाची ते बघितलं नाही. जेवून स्टँडवर गेलो. धाराशिवची गाडी लागलेली होती, बसलो. एसटीला एवढी गर्दी का, ते पोचल्यावर कळलं. राखीपौर्णिमा. मॅडम नाहीत, खोलीला कुलूप. परतीची गाडी पावणेपाचला. बाहेरच्या बाकावर बसलो.
झाडलोट करणाऱ्या कडूबाई फरशी पुसत होत्या. विचारलं, कुणाकडं आलाव? म्हटलं, मॅडमकडं. काय झालंय तुमाला?
म्हटलं, भाऊ वारला माझा. त्या दिवशी दुपारी त्याचे दोन फोन आले होते. माझा तास चालू होता. कट केले. नंतर लावायचं राहिलं.
त्या म्हणाल्या, व्हय का. पाय वर घ्या, पुसायचंय.
घेतले.