अशी कुनी ज्योती हितं न्हाई

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. आण्णांना ज्योतीचा शि. सा. नमस्कार.

तुमचा फोन कधीचा बंद लागतोय, म्हणून पत्र. जपानच्या एका विद्यापीठात भूजल संशोधनासाठी माझी निवड झाली! पोस्टडॉक म्हणजे पुन्हा शिक्षण नव्हे हं, पगाराचं काम आहे. ऊसतोडीवरून कल्याणदादाचा फोन आला की सांगा, नाहीतर चिडवत बसेल. जागा एकच आहे. एक एप्रिलला हजर झाले नाही तर ती दुसऱ्याला जाईल. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी येईल, कदाचित साध्या कपड्यांत. मी तुमची मुलगी, घर हेच, एवढंच सांगा.

जयावहिनीला जपायला सांगा. लोभ आहेच, तो वाढू द्या.

आपली, ज्योती

---

वस्ती, ता. पाथर्डी, ८ जानेवारी

चि. ज्योतीस आण्णाचा अनेक आशीर्वाद.

पोरी, लई भ्या वाटतंय. जयाला सातवा महिना, त्यात ताप. घेतलेली उचल फिटल्याबिगर मुकादम सोडीना, म्हनून कल्याण तिला घिऊन फडावरनं निघून आलाय. कोयता उचलून न्हेतो, असा मुकादमाचा निरोप हाय. कोयता म्हंजे नवराबायको दोघं, तुला ठावंच हाय. फोन बंद ठिवलाय. सगळ्या वस्तीनं कानिफनाथाची आन घेतलीय, कुनीबी इचारलं तरी बन्सीच्या, म्हंजे माज्या घरचं हितं कुनी ऱ्हात न्हाई म्हनायचं.

काल एक जन मोटरसायकलीवर आला आन तुजंच नाव इचारलं! म्हनलं, आता पोरीच्या मागं लागले का काय. मीच पुडं झालो. अशी कुनी ज्योती हितं न्हाई, कवाच नव्हती, असं तोंडावर सांगितलं. शेजारच्या कारभारीनंबी मान हलवली. कसा पिटाळला!

तू हिकडं येऊ नगस. आमची काळजी करू नगस, पन इसरूबी नगस.

तुजा आण्णा

---

पुणे, १३ जानेवारी

ती. आण्णांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. अहो, तो पोलीस होता! पासपोर्टच्या अर्जावर 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा आलाय. तुम्ही ठाण्यात जाऊन सांगितलंत तर पुन्हा चौकशी होईल. पण मग दादा घरी असल्याचंही बाहेर फुटेल. त्याला धोका असेल तर जाऊ नका. मी पुढच्या वर्षी दुसरीकडे अर्ज करीन.

खोटं बोलतेय, आण्णा. मला जायचंय.

तुमचीच, ज्योती

---

वस्ती, १८ जानेवारी

चि. ज्योतीस आशीर्वाद.

तुजी दोनी पत्रं मिळाली, पैलंबी उशिराच आलं. जयाला तिच्या म्हायेरी धाडली. कल्याण म्हनला, माजं काय व्हायचं ते हू द्या, आदी ठाण्यात जावा. पैलं मढीला जाऊन सगळ्यांनी नाथापुडं आन उतरवली, मग ठाण्याची पायरी चढलो. सायेब म्हनले, त्या दिशी नव्हती, मंग आज पोरगी कुठनं आली? म्हनलं, सायेब, भ्यालो हुतो, माजीच हाय. मानूस परत येईल म्हनले, या येळी घर न्हाई घावलं तर इषय संपला.

सकाळधरनं उंबऱ्यावर बसलोय. मोटरसायकल वाजली की उठून रस्त्याकडं बगतो. मुकादमाची का पोलिसाची, लांबनं काय कळतंय? कल्याण आत हाय, दार उघडंच ठिवलंय. आता कुनीबी इचारू दे, व्हय, हेच घर, असंच सांगनार.

हितंच ऱ्हानारा,
तुजा आण्णा