करंज्यातील सहा दोऱ्या न उतरविण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
सामाजिक उपक्रम नोंदणी कक्ष, पनवेल.

विषय : करंजा येथील सहा मयत लाभार्थी व त्यांच्या दोऱ्यांबाबत खुलासा.
संदर्भ : आपली दि. २९ सप्टेंबर २०१४ ची नोटीस.

महोदय,

अर्जदार ठमाबाई काशिराम कोळी, रा. करंजा, ता. उरण, या मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या गटातल्या. शब्द कचेरीचे, म्हणणे त्यांचे.

१. गटाच्या यादीतील सहाही लाभार्थी मयत आढळल्याने नोंदणी रद्द करून वाळवणीची जागा मोकळी करण्यात येईल, असे आपण कळविले आहे. पाच जणांबद्दल अर्जदारास मान्य आहे. सहाव्याचे शेवटी लिहिले आहे.

२. करंज्यात ज्या घरचा माणूस समुद्रावरून परतत नाही, त्या घरासाठी बायका बोंबलांची एक दोरी दर हंगामात भरून देतात, घरात कोणी कमावते होईपर्यंत. दोरीला नाव त्या माणसाचे : बुधाजीची दोरी, धर्मराजची दोरी. जिला मिळते तिचे नाव घेऊन तिला ओशाळे करायचे नसते. या रीतीला काय म्हणतात, हे कोणी कधी विचारले नव्हते.

३. २०११ पासून विचारणारे येऊ लागले. अमेरिकेचे गृहस्थ म्हणाले, त्यांच्याकडे एक हिकमती माणूस पुढे होतो, धंदा उभारतो आणि त्यातून लोकांचे भले करतो. तुमच्यातली ती बाई कोण? इटलीच्या बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे राबणारा प्रत्येक जण मालक आणि प्रत्येकाला एक मत. मग न राबणारीला दोरी कशी? बांगलादेशच्या साहेबांनी पाच-पाच जणींचे गट पाडून कर्जासाठी शेजारणीला शेजारणीची जामीन केले. तिघेही भली माणसे, आपापल्या मुलखात बरोबरच असतील. तिघांचे फॉर्म भरून झाले, तेव्हा आपला चौथा आला. त्यात 'लाभार्थींची नावे' असा रकाना होता. बायकांनी सवयीने दोऱ्यांची नावे सांगितली. नोटिशीत जिला फसवणूक म्हटले आहे ती एवढीच.

४. आपल्या तपासनीसांनी अर्जदारास विचारले, तुम्ही मालक, सभासद की लाभार्थी? यंदा मार्चमध्ये पती काशिराम यांची होडी रिकामी सापडली, तेव्हापासून बाईंनी बोंबील टांगलेले नाहीत. त्या म्हणाल्या, "मी कोन नाय. दोरी हाय, ती पन त्यांची." तिन्ही रकान्यांत फुली पडली.

बाईंना राग आलेला नाही. रडूही येत नाही. दुःख लिहू का, असे विचारले तर "लिवा" म्हणाल्या. लिहिणाऱ्याला मात्र वाईट वाटले, आणि ते अर्जात कुठे बसवावे हे तीस वर्षे अर्ज लिहूनही कळलेले नाही.

५. सहावे नाव काशिराम यांचे. ते सापडलेले नाहीत. सात वर्षे झाल्याखेरीज मृत्यूचा दाखला मिळत नाही. गावात कोणी बाईंना तोंडावर काही बोलले नाही. बायकांनी गुपचूप दोरी बांधली, एवढेच. 'मयत' हा शब्द बाईंनी प्रथम ऐकला, तो लिहिणाऱ्याने आपली नोटीस वाचून दाखवली तेव्हा.

तरी विनंती की, फॉर्म कोणत्याही देशाचा लावावा, रकाना कोणताही द्यावा, पण दोऱ्या उतरवू नयेत. आणि काशिराम गेल्याचे आपणांस कोठून कळले, तेवढे बाईंना सांगावे. त्या बाहेर बाकावर बसून आहेत.

उत्तराची वाट पाहणारी,
ठमाबाई काशिराम कोळी (डाव्या अंगठ्याची निशाणी)
पनवेल, दि. ७ ऑक्टोबर २०१४

लिहून देणार : दिनानाथ वैद्य
सोबत : नोटिशीची प्रत. दोरीची प्रत निघत नाही, ती येऊन पाहावी.