पेंड, कडबा आणि रोमच्या कोंबड्या

सोलापूर, १६ जून १९७४

ती. रुद्रप्पामामांस,

बसवराजचा नमस्कार. दिवाळीनंतर पत्र नाही, त्याची माफी असावी. (वेळ नव्हता असे लिहिणार होतो, पण होता.) मामींचे गुडघे कसे आहेत?

तुमची धाकटी भाची दाक्षायणी इंटर सायन्सला पहिल्या वर्गात आली. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिला जागा मिळतेय. आईचा, म्हणजे तुमच्या अक्काचा, होकार येण्याच्या बेतात होता. तेवढ्यात प्राचार्यांनी दाखल्यात इंग्रजीत लिहिले, की मुलीची चिकाटी पुढचे भले 'ऑगर' करते. आईने अर्थ विचारला. 'सुचवते' म्हणून सुटलो असतो. पण खात्रीशिवाय सांगणे मला जमत नाही. शब्दकोश काढला. शब्द जुन्या रोमचा निघाला. तिथले 'ऑगर' म्हणवणारे पुजारी पक्षी कुठून कुठे उडाले ते पाहून राज्याला होय-नाही सांगत. लढाईआधी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना दाणे टाकत. खाल्ले तर विजय. लोक कसे भोळे असतात, हे दाखवायला मी सगळे वाचून दाखवले.

आई म्हणाली, "गड्ड्याच्या जत्रंत उपाशी वासराम्होरं चारा ठिवून भाकणूक करत्यात, तेच की हे. सायबाच्या पुस्तकात हाय म्हणल्यावर तू कोण नको म्हणणारा?"

रविवारी, म्हणजे आज, शेजारच्या सोमलिंगचे वासरू अंगणात बांधले. दिवसभर उपास, संध्याकाळी चारा. तोंड लावले तर पुणे, नाही तर नाही. माझा यावर विश्वास नाही, हे मी दिवसभर सांगत होतो. (पेंडीत गूळ मीच कालवला.) दाक्षायणी पुस्तक घेऊन बसली होती, पान काही उलटत नव्हते.

संध्याकाळी वासराने कडबा हुंगला, पेंड हुंगली, मान फिरवली आणि बसले. दाक्षायणी उठून आत गेली. सोमलिंगने वासराचे पोट चाचपले आणि आईकडे पाहिले.

"बगतो काय? मीच घातल्या दुपारी भाकरी," आई म्हणाली. "मुकं जनावर दारात उपाशी, मला घास जाईना." मग वासराच्या पाठीवरून हात फिरवत, "पोट भरल्यालं हाय त्याचं. पोरगी तिकडं उपाशी राहायची न्हाय. जाऊ दे तिला."

रोमच्या पुजाऱ्यांना हा अर्थ चालला असता का, हे कोशात पाहायचा मोह मी आवरला.

तुमचा भाचा,
बसवराज

ता. क. : वसतिगृहात जागा नाही. दाक्षायणी पुण्यात तुमच्याकडेच राहिली तर चालेल का? आई म्हणते, वासराचा अर्थ तिने मामींच्या हातचे जेवण डोळ्यांपुढे आणूनच लावला.

आणखी एक : पत्र टाकायला आताच निघालो होतो, तर उंबऱ्यावर पाल चुकचुकली. माझा विश्वास नाही, हे वर लिहिलेच आहे.

उद्या : राहुकाळ टळला की पत्र पेटीत टाकणे.