आधी कानात, मग मांडवात

पांढुर्णा

श्री. पुंडलिकराव जावईबापू यांस मोरेश्वरचा सप्रेम नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. त्या घाबऱ्या फोननंतर लगेच लिहायला हवे होते. (दुसरा फोनच केला असता, पण सध्या यंत्रातून आलेल्या आवाजावर माझा भरवसा राहिला नाही.) तुमचा दमा कसा आहे? मनकर्णाचे गुडघे? तिला म्हणावे, तुझ्या भावाला लकवा झालेला नाही, आता रडणे बंद कर.

झाले असे. घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टके मीच म्हणतो, तीही स्वतः रचलेली, हे तुम्ही जाणताच (तुमच्याही लग्नात मीच होतो). आता नात केतकीचे लग्न. माझी धाकटी सून डिंपल लग्नांत डीजे वाजवते, रामाकोन्यापासून तिगावपर्यंत तिला बोलावणे असते, यात लपवण्यासारखे काही नाही (आधी होते). ती म्हणाली, सनईच्या सुरात म्हणायचे तर बाबूजी, हेडफोन लावा. म्हणून अंगणात घरच्यांना अक्षता देऊन, पुढे-मागे उभे करून तालीम ठेवली. मी ओळ म्हटली, ती कानात बरोबर ऐकू आली, आणि मग तीच ओळ मागच्या मोठ्या स्पीकरमधून परत आली. मला वाटले मागे कोणी दुसरा म्हणून राहिला, म्हणून मी अदबीने थांबलो. तोही उरलेले म्हणून थांबला. मी सुरू केले, तो माझ्या मागून सुरू. शेवटी माझी जीभच वळेना. माझ्या तोंडच्या 'सावधान'ला पुढच्यांनी अक्षता टाकल्या, स्पीकरच्या 'सावधान'ला मागच्यांनी, आणि दोन्ही माझ्याच डोक्यावर. आमची ही, विजया, ओरडली, "अवो, यांचं तोंड पाहा, वाकडं होऊन राहिलं!" मग मला बाजेवर निजवले, कानात लसणाचे तेल सोडले, आणि मी तुम्हाला फोन केला की मी कामातून गेलो, मंगलाष्टके तुम्ही म्हणा. (तुम्ही इतक्या पटकन 'हो' म्हणालात की लकव्यापेक्षा तेच जास्त लागले.) डॉक्टरांनी जीभ पाहिली, हात वर करायला लावले, काही निघाले नाही. त्याने मी अधिकच घाबरलो.

डिंपलने मात्र हेडफोन बदलून पाहिला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, त्यातले काय काय वरखाली केले. फरक नाही. मग हेडफोन स्वतः लावून माइकवर नखाने टकटक केले. तिलाही आधी कानात, मग स्पीकरमध्ये! मला वाटले, हा लकवा संसर्गाचा आहे. पण ती हसायला लागली. हेडफोन वायरीने जोडलेला, आणि स्पीकर ब्लूटूथवर, बिनवायरीचा. तो आवाज म्हणे संत्र्यासारखा पेटीत भरून जातो आणि तिकडे पेटी उघडावी लागते, त्यात वेळ मोडतो. बिनवायरीचा कशाला केला विचारले, तर म्हणे, "बाबूजी, तुम्हीच तर बोंबलत होते, वायरीत पाय अडकून पडीन म्हणून!"

वायर लावली. जावईबापू, काय सांगू, माझे तोंड आणि तो स्पीकर एका दमात बोलले! छातीवरचा दगड उतरला. दोन वेळा जेवलो.

आपला,
मोरेश्वर

ता.क. तेव्हा तुम्ही मंगलाष्टके म्हणायचे कारण उरले नाही. नवीन टोपी घेतली असल्यास ती घालून यावे, तोंड मात्र बंद ठेवावे.

ता.क. दुसरा. वरचे अगदीच खरे नाही. केतकी उंबरा ओलांडते त्या कडव्याला मी अजून अडकतो. डिंपलने वायर दोनदा तपासली; तिसऱ्यांदा विजयाने तिला हात धरून बाजूला नेले. ते कडवे सोबत पाठवतो, पाठ करा. माझ्या अगदी जवळ उभे राहा, आणि मी थांबलो की तेवढे तुम्ही म्हणा. लोकांना वाटेल, स्पीकरच मागे पडला. येतो म्हणून लवकर कळवा, वाट पाहून राहिलो.