टाकी कुठेच गळत नव्हती

१२ नोव्हेंबर २०१८, डहाणू
मुंबईच्या डॉक्टरांना आज सुनावलं. अमृतच्या प्रोस्टेट कॅन्सरला पाच वर्षांपूर्वी यांनीच रेडिएशन दिलं. आता म्हणतात, त्या किरणांमुळे पुढे मूत्राशयात किंवा गुदाशयात दुसरा कॅन्सर व्हायचा धोका असतो. थोडाच, पण असतो. लघवीत रक्त दिसलं तर लगेच या. मी विचारलं, याला उपचार म्हणायचं की पेरणी? अमृत टेबलाखालून माझा पाय दाबत होता. डॉक्टर मान खाली घालून फाइल चाळू लागले. मी जिथे शिकवायचे त्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरना अभिमान वाटला असता.

१३ नोव्हेंबर
ठराव. या घरात तो विषय पुन्हा निघणार नाही. अमृतला बजावलं. "बरं," म्हणाला. माझ्यापासून हा नवरा काही लपवत नाही, तेवढं एक सुख.

९ जानेवारी २०१९
गच्चीवरची टाकी भर दुपारी रिकामी. प्लंबर चिमणला बोलावलं. म्हणे, "बाय, टाकी नाय गळत. घरातच कोन तरी लय पानी ओतते." हल्ली जो तो निदान करतो. हाकलला.

२ फेब्रुवारी
पाणी अमृतच ओततो. संडासात बादल्यावर बादल्या. विचारलं तर म्हणे, स्वच्छता. जन्मभर शाळेत मुलींच्या थापा पकडल्या. खोटं मला चेहऱ्यावर दिसतं. हा खरंच सुधारलाय. उशिरा, पण सुधारलाय.

१८ फेब्रुवारी
शेजारच्या दक्षाबेन म्हणाल्या, अमृतभाई किती सुकले, डॉक्टरांना "एक वार बतावी आवो ने." म्हटलं, तुमच्याकडचं थोडं वजन पाठवून द्या. फणकारून गेल्या.
रात्री अमृत दोन घास खाऊन उठला. बोईट मासे शिळे असणार. वरोरच्या कोळणीची उद्या खरडपट्टी.

३ मार्च
सकाळी अमृतला संडासात चक्कर आली. बादली भरलेलीच होती. त्याने ओतायच्या आत मी संडासाच्या भांड्यात पाहिलं. लाल.
कधीपासून? म्हणाला, नाताळच्या आधीपासून.
बोलला का नाहीस? म्हणाला, "तू पुन्हा त्या डॉक्टरांशी भांडली असतीस. मग कुठल्या तोंडाने गेलो असतो?"
बादली मी ओतली.

७ मार्च, मुंबई
दुर्बिणीतून मूत्राशयात गाठ दिसली. तुकडा तपासायला गेलाय. डॉक्टरांनी विचारलं, रक्त दिसल्यावर लगेच का नाही आलात?
अमृतने सवयीने टेबलाखालून माझा पाय दाबला.
मी गप्पच बसले होते.