वकिलीणबाईंची उलटतपासणी

सोमवार, ४ मार्च
आजपासून काचबिंदूचे थेंब बंद! जुनी बाटली संपली, नवी फोडायचीच नाही. चुरचुरतात मेले, आणि जन्मभर घालायचे म्हणे. ताईने व्हिडिओ पाठवलाय — एक गृहस्थ सांगतात, सकाळ-संध्याकाळ बुबुळं फिरवा, काचबिंदू पळतो. दहा लाख लोकांनी पाहिलाय. ते काय सगळे वेडे? लेकीला बोलले नाही. दहा वर्षांची आहे, पण पक्की वकिलीणबाई; प्रश्न विचारून जीव खाईल.

बुधवार, ६ मार्च
बुबुळं फिरवली. घेरी आली.

शनिवार, ९ मार्च
लेकीला शाळेचं काम — नेटवरच्या दहा गोष्टी खऱ्या की खोट्या, ते शोधून वहीत लिहायचं. मी सहज म्हणून ताईचा व्हिडिओ पुढे केला. "दहा लाखांनी पाहिलाय गं!"
"मीही आत्ता पाहिलाच की. म्हणून खरा झाला?"
मी शिवता शिवता बघत होते. वकिलीणबाईंनी व्हिडिओ अर्ध्यात थांबवला आणि त्या माणसाचं नाव दुसरीकडे शोधलं. डॉक्टर? कुठेच नाही. खाली तेल मात्र विकायला! मग त्याचा दुसरा एक व्हिडिओ काढला — नाकावर जाड भिंगाचा चष्मा. हसून हसून माझी टीप वाकडी गेली. पण वहीत लिहिलेला चष्म्याचा मुद्दा तिनेच खोडला. "चष्मा वेगळा, काचबिंदू वेगळा. हे धरायचं नाही." मी असते तर तेवढ्यावर फाशी दिली असती!
डोळ्यांच्या दोन दवाखान्यांनी नेटवर लिहिलेलं वाचलं. थेंब बंद केले तर नजर जाते, आणि गेलेली परत येत नाही. दोघांनी एकमेकांचं उतरवलंय का, तेही तपासलं पोरीने! मी कापड घेताना सूत ओढून बघते, उलटी बाजू बघते. डोळ्यांसाठी मात्र दहा लाखांवर गेले. कुठून आणली ही अक्कल? माझ्याकडून तर नाही. फार अभिमान वाटला.

रविवार, १० मार्च
थेंब सुरू करायला हवेत, कळतंय. पण ताईला काय तोंड दाखवू? अजून दोन दिवस बघते. लेकीने विचारलं, "थेंब घातलेस?" म्हटलं, "रोज घालते गं."

मंगळवार, १२ मार्च
तिची वही टेबलावर उघडी होती. दहावी नोंद —
"माहिती : आई रोज थेंब घालते. कोण म्हणतं : आई. तपासलं : नव्या बाटलीचं सील तसंच आहे. निष्कर्ष : विश्वास ठेवू नये."
खाली पेन्सिलने, बारीक अक्षरात — "हे शाळेत दाखवायचं नाही."
हाक मारली तिला. बाटली तिच्या हातात दिली, मान मागे टाकली आणि डोळे मोठे उघडले.