उजवा पंख आखूड

मंगळवार, ४ फेब्रुवारी

माझं टेबल काढलं!

क्लबची बैठक होती. चिटणीसांनी आधी चष्मा पुसला – वाईट बातमी असली की चष्मा पुसतात – आणि म्हणाले, "यंदाच्या प्रदर्शनात काल्पनिक विमानांचं वेगळं टेबल ठेवायचं नाही, असं ठरलंय." ठरलंय म्हणजे मला सोडून सगळ्यांचं ठरलंय. त्या टेबलावर मांडणारी मी एकटी! बाकीचे खऱ्या विमानांची छोटी मॉडेलं करतात. मी करते ती जगात कुणी बांधलीच नाहीत अशा विमानांची. खिडकीजवळचा कोपरा, खाली निळा कागद. अख्खं वर्ष मी त्या तीन दिवसांवर काढते. इथे लिहायला कसली लाज!

ठराव विश्वकोशांचा. हे नाव पाठीमागचं, समोर सगळे "सर" म्हणतात. क्लबमधले सगळ्यात जुने, परीक्षकही तेच. कुठलंही विमान दाखवा, इंजिनापासून शेपटीपर्यंत बोलायला लागतात. आज म्हणाले, "जे कधी उडलंच नाही, त्याचं मॉडेल म्हणजे खेळणं." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खेळणं म्हणे! खेळणं तुमचं तोंड!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दोन दिवस भांडी आपटली. ह्यांनी विचारलं, "झालं का?" नाही झालं. आज सुचलं!

प्रदर्शनात प्रोटोटाइपचं एक टेबल असतं. म्हणजे कारखान्याने करून बघायला एखादंच बांधलं, दोनदा उडवलं आणि मोडीत काढलं, अशी विमानं. असली इतकी होऊन गेलीत की निम्मी कुणाला ठाऊक नसतात. विश्वकोशही आपली मॉडेलं तिथेच मांडतात, स्पर्धेबाहेर. त्यात माझं एक सरकवलं तर? परीक्षक विश्वकोश. ते "मला माहीत नाही" म्हणतील? प्राण गेला तरी नाही म्हणायचे! मान डोलावतील, भाषण ठोकतील, बक्षीस देतील. ते घ्यायला मी वर जाणार आणि माइकवरून सांगणार – हे विमान माझ्या डोक्यातलं आहे. आता सांगा, खेळणं कुठलं? मग बघते माझं टेबल कसं परत देत नाहीत ते.

ह्यांना सांगावंच लागलं. ह्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि खोटं बोलायचं म्हटलं की कान लालबुंद होतात. प्रदर्शनभर कानटोपी घालून बसा म्हटलं. "उकडेल गं," म्हणाले. म्हणजे तयार आहेत!

शनिवार, १५ फेब्रुवारी

कागदावर उतरलं. एक इंजिन, नाकाशी पंखा, एकटा वैमानिक, समुद्रावर टेहळणी करणारं. आता खरी डोकेफोड – चाकं मिटून जाणार कुठे? पंखात इंधन आहे. पोटात कॅमेरा. शेवटी कॅमेरा मागे ढकलला. खऱ्या विमानात चूक असली तर कारखान्याची. माझ्यात असली तर "बघा, खेळणंच!" म्हणून मला शंभरदा बघावं लागतं. वैमानिकाला बाहेरचं दिसतं का, म्हणून टेबलाखाली बसून एक डोळा मिटून बघितलं. सूनबाई बादली घेऊन आली, बघितलं, आल्या पावली परत गेली.

रविवार, २ मार्च

पोटाचा भाग झाला. दंतवैद्यांसाठी कवळ्या करते मी, अगदी तसाच – आधी मेणात कोरायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा, मेण वितळवून काढायचं, आत ॲक्रिलिक भरून गरम पाण्यात शिजवायचं. दंतवैद्यांकडचं काम मागे पडलंय. एक आजोबा माझ्यापायी पातळ सारावर दिवस काढताहेत, देव मला क्षमा करो. वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण दातांवर घालायची प्लास्टिकची कवचं ओढायच्या यंत्रावर ओढलं. पहिल्या झटक्यात जमलं! एकटीच टाळ्या वाजवल्या.

मंगळवार, ११ मार्च

घात झाला. घाई नडली.

आजोबांची कवळी आणि उजवा पंख एकदमच शिजत होते. दंतवैद्यांचा फोनवर फोन. मी आच वाढवली. कवळी सुखरूप निघाली, पंखाच्या टोकाला मात्र स्पंजासारखी भोकंच भोकं. करवतीने टोक उडवलं, घासून गोल केलं. आता डावा पंख लांब, उजवा आखूड. नखभरच, पण आंधळ्यालाही दिसेल. नवा करायला वेळ नाही, जुना लपवायला जागा नाही.

हे म्हणाले, "डावाही काप की तेवढा." आता कापायचा? रंग लागलाय, रेषा ओढल्यात. शिवाय तेवढे छोटे पंख त्या पोटाला उचलणारच नाहीत. "ते उडायचं कुठे आहे?" असं विचारलं ह्यांनी. मी असं बघितलं की उठून गॅलरीत गेले.

तसंच नेणार. होऊन होऊन काय होईल? हसतील. हसून झालं की टेबल मात्र कायमचं गेलं.

शुक्रवार, २१ मार्च

लिहू कसं, हसूच थांबत नाही!

मॉडेल प्रोटोटाइपच्या टेबलावर मांडलं. आजूबाजूला सगळी खरी मंडळी. शेजारी हे, कानटोपी घालून. विश्वकोश आले. काठी टेकवली, भिंग काढलं, बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की माझ्या तोंडचं पाणी पळालं. उजव्या पंखाच्या टोकाशी भिंग थांबलं. मेले, म्हटलं.

"हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"एका जुन्या मासिकात," मी.

"हं. वाचलंय मी."

वाचलंय! जाळ्यात आले! ह्यांनी खोकल्याचं सोंग घेतलं. तेवढ्यात चिटणीसांनी विचारलं, "सर, ह्याचा एक पंख आखूड कसा?" मी डोळेच मिटून घेतले. आणि विश्वकोश शांतपणे म्हणाले, "उजवा आखूड नाही, डावा मुद्दाम लांब आहे. पुढचा पंखा एकाच दिशेला फिरतो, त्याच्या उलट झटक्याने विमान डावीकडे कलतं. डावा पंख लांब ठेवला की ती बाजू उचलली जाते. सोपं आहे."

मी डोळे उघडले. सोपं आहे! आणि अगदी बरोबर आहे! इतके दिवस डोकं आपटलं, मला का नाही सुचलं? वर थांबले नाहीत. चाचणी घेणारा वैमानिक ताडमाड उंच होता, म्हणून बैठक खाली घ्यावी लागली. समुद्राच्या वाऱ्याने रंगाचे पापुद्रे उडायचे – काय काय सांगत सुटले. भोवती ही गर्दी! माझ्याच विमानाची माहिती मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. थापाड्या कुठला! किती सुंदर थापा मारतो!

शनिवार, २२ मार्च

दिवसभर विश्वकोश माझ्या मॉडेलपाशीच. येईल त्याला गोष्ट सांगताहेत. आज त्या वैमानिकाला सर्दीही झाली होती. एका बाईंनी विचारलं, "मग पुढे काय झालं हो त्याचं?" इतक्या वर्षांत माझ्या कोपऱ्यातल्या विमानाबद्दल हे कुणी विचारलं नव्हतं. लोक यायचे, "छान आहे हं" म्हणायचे, आणि खऱ्यांकडे जायचे.

पहिलं बक्षीस मलाच. उद्या समारंभ.

हे आता म्हणतात, "जाऊ दे ना. त्या म्हाताऱ्याचं हसं होईल." म्हणे जाऊ दे! माझं टेबल काढताना त्याला दया आली होती का? काय बोलायचं ते पाठ केलंय. उद्या नाही तर कधीच नाही.

रविवार, २३ मार्च

नाही बोलले.

वर गेले. माइक हातात आला. पुढच्या रांगेत विश्वकोश, सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होते. काठी पडली, तरी वाजवतच होते. चेहरा असा फुललेला, जणू त्यांच्याच लेकीला बक्षीस मिळालंय. पाठ केलेलं पहिलं वाक्य ओठांवर आलं होतं. म्हटलं, "सगळ्यांचे आभार," आणि खाली आले. भित्री कुठली!

ह्यांनी रस्त्यातच कानटोपी काढून फेकली. "तीन दिवस ह्यासाठी उकडून घेतलं मी?" मग माझा चेहरा बघितला आणि जाऊन ती उचलून आणली.

कप टीव्हीवर ठेवलाय. नको झालाय मला तो. खोट्या नावावर मिळालेला, आणि खरं सांगायची संधी मीच घालवली. पुढच्या वर्षी कोपरा नाही, निळा कागद नाही. रडले थोडी. मग सूनबाईने चहा आणून ठेवला, न विचारता, आणि बसून राहिली.

शनिवार, २९ मार्च

दुपारी कामाच्या जागी विश्वकोश! मला वाटलं, कवळी सैल झाली असेल. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, ते टोक का कापावं लागलं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"भिंग लावल्या लावल्या."

"मग बक्षीस कशाला दिलंत? आणि माझं टेबल का काढलंत?"

"त्या टेबलापायी लोक विचारायला लागले होते – इथली खोटी, मग तिकडची सगळी खरी का? मला धडकी भरायची."

"तुम्हाला कशाला?"

काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग शाळेत पकडल्यासारखे हसले. प्रोटोटाइपच्या टेबलावर त्यांनी आजवर मांडलेलं एकही विमान कधी उडलेलं नाही.